दुसऱ्या घंटेनंतर

कमळूला गप्प बसणं आधीच जमत नसे, आणि आता तर सांगण्यासारखं काहीतरी हाती लागलं होतं. त्याची लेक रोशनी शहापूरच्या संगीत विद्यालयात तबला शिकत होती आणि विद्यालयाच्या वार्षिक स्पर्धेत उतरणार होती. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही शाखांची मुलं येणार होती. जो पहिला येईल त्याला उन्हाळ्यात पुण्याला मोठ्या गुरूंकडे राहून शिकायला मिळणार होतं. त्यातला ‘जो पहिला येईल त्याला’ एवढा भाग कमळूने केव्हाच गाळून टाकला होता. शेणव्याच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवर, आसनगाव स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांपाशी तो एकच सांगत सुटला होता, “आमची रोशनी पुन्याला चालली.”

“स्पर्धा झाली का?” कोणी विचारी.

“व्हईल की! ती काय कुठं पलते?”

रोशनी बापावर गेली नव्हती. ती तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलायची. आदल्या दिवशी तिने बापाला समोर बसवून बजावलं, “बाबा, तू आन् आय, दोघंच या. पाड्याला सांगू नको. तिथं नियम असतात. पयली घंटा झाली का आवरायला घ्यायचं, दुसरी झाली का हात थांबवायचा. पुढं वाजवलं का गुण कापतात.”

“बरं गो,” कमळू शहाण्यासारखा म्हणाला, आणि सकाळी भावेशच्या टेम्पोत अख्खा पाडा भरून निघाला.

“लेकीनं तुला काय सांगितलं व्हतं?” त्याची बायको प्रेमा त्याला म्हणाली.

“मी कुठं कोनाला बोलवलं? आपले आपन चढले,” कमळू म्हणाला आणि रस्त्याकडे बघत बसला.

सभागृहात पाड्याची माणसं ठेवणीतले कपडे घालून मागच्या रांगांत अगदी शिस्तीत बसली. आधी मुरबाडचा सुयोग वाजवून गेला. फार सुरेख वाजवलं पोराने. कमळूने खोड काढायचा खूप प्रयत्न केला, पण सापडेना, तेव्हा त्याला त्या पोराचा थोडा रागच आला.

मग रोशनी बसली. तीनतालातला कायदा, ठरलेल्या बोलांचा तो विस्तार, तिने असा काही मांडला, की समोर बसलेल्या परीक्षकबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. कमळूला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण पेन्सिल खाली ठेवणं त्याला बरोबर कळलं. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं. “माजी हाय,” तो म्हणाला. शेजारचा त्याचा सख्खा चुलतभाऊ होता.

शेवटी प्रत्येकाने आपल्या आवडीची एक चलतीची चीज वाजवायची असं ठरलेलं होतं. रोशनीने लग्गी, म्हणजे हलकाफुलका पळता ठेका, सुरू केली. दोन आवर्तनं गेली असतील नसतील, तोच मागच्या रांगांत माना वर झाल्या. हा ठेका पाड्याचा होता. लग्नात, गौरीला कमळू ढोलकीवर वाजवायचा तोच, फक्त तबल्यावर येऊन जरा नटला होता. पोरीने तो कधी उचलला आणि कधी त्याच्यावर एवढी कारागिरी केली, हे कमळूला ठाऊकही नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला.

आणि तेवढ्यात बुधूआजा उठला. पाड्यावरचा सगळ्यात म्हातारा माणूस, आणि नाचात पहिलं पाऊल त्याचंच. तो मधल्या वाटेत आला, त्याने पाय उचलला, त्याच्या कमरेला कोणी हात घातला, त्याच्या कमरेला आणखी कोणी, आणि बघता बघता खुर्च्यांमधून रांग वळत निघाली. शहापूरची मंडळी आधी बावरली, मग टाळ्या पिटायला लागली. कमळूची छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी राहिलं.

पहिली घंटा वाजली. मग दुसरीही वाजली. रोशनीचा हात थांबला नाही.

रंगमंचाच्या कडेला तिला शिकवणाऱ्या मितालीबाई दोन्ही हातांनी खुणा करत होत्या. रोशनीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग नाचणाऱ्यांकडे बघितलं, आणि वाजवतच राहिली. तेव्हा कुठे कमळूच्या डोक्यात उजेड पडला. पाड्याची रीत अशी, की पाऊल चालू असताना वाजवणाऱ्याने हात उचलायचा नाही. उचलला, तर तो नाचणाऱ्यांना ‘पुरे झालं, उठा आता’ म्हटल्यासारखं होतं. नाचणारे दमून बसले तर सुटका, नाहीतर दुसऱ्याने ठेका आपल्या हातावर घेतला तर. आणि बुधूआजा काही दमायच्या बेतात दिसत नव्हता.

ओरडून सगळ्यांना खाली बसवावं असं क्षणभर कमळूच्या मनात आलं. पण तेही हात उचलण्यासारखंच झालं असतं. भिंतीला हार्मोनियमचं रिकामं लाकडी खोकं टेकून ठेवलं होतं. कमळू धावला, ते काखेत मारलं आणि त्याच्यावर ठेका धरला. पहिल्या दोन थापा चुकल्या, तिसरी लेकीच्या थापेवर बरोबर बसली.

रोशनीने ऐकलं. तिने खालचा ठेका बापावर सोपवला, त्याच्यावरून एक तिहाई घेतली आणि समेवर येऊन हात जोडले. सगळं सभागृह उभं राहिलं. कमळू मात्र खोकं बडवत, नाचाची रांग मागे घेऊन दाराबाहेर अंगणात निघून गेला होता. टाळ्या त्याने भिंतीपलीकडूनच ऐकल्या.

निकाल सांगताना परीक्षकबाईंनी आधी रोशनीकडे बघितलं. “आज सगळ्यात चांगला हात रोशनीचा होता. पण दुसऱ्या घंटेनंतरही ती वाजवत राहिली, आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. पहिला सुयोग, दुसरी रोशनी.”

कमळूचं तोंड एवढंसं झालं. लेकीने एकच गोष्ट मागितली होती, तीही त्याला पाळता आली नाही. बक्षिसाची ढाल घेऊन रोशनी अंगणातल्या नळावर पाणी प्यायला आली, तेव्हा तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“माज्यापायी पुनं गेलं गो तुजं.”

“व्हय, तुज्यापायीच,” रोशनी म्हणाली. तिला राग आला होता आणि तिने तो लपवला नाही. “सांगितलं व्हतं का नाय?”

“व्हतं. पन तू थांबली का नाय? घंटा आयकली नाय?”

“आयकली की. मितालीबाई पन दिसल्या.” तिने ओल्या हाताने तोंड पुसलं. “बुधूआज्याचा पाय वर व्हता, बाबा. तेव्हा मी हात उचलला असता, त पुन्याला जाऊन काय मोठं शिकली असती? ते माजं मी ठरवलं. त्याचं तू रडू नको.”

कमळूने तिच्या हातातली ढाल घेतली आणि सदऱ्याच्या टोकाने पुसली.

परतताना शेणव्याच्या नाक्यावर टेम्पो थांबला. गिरणीवाला, बाजारातले दोघेचौघे, सगळे वाटच बघत होते. कोणीतरी हसत विचारलं, “काय कमळू, पुन्याला कदी निघायचं?”

प्रेमाने मान खाली घातली. कमळू टेम्पोत उभा राहिला आणि अख्ख्या नाक्याला ऐकू जाईल असा ओरडला, “दुसरी आली माजी पोर!”

“आन् पयला नंबर कुठं गेला?”

“तो आमी सगल्यांनी मिलून नाचून टाकला,” कमळू म्हणाला. “आन् तिनं आमाला नाचू दिलं.”