शेवटची ओळ आधी

छापखानेवाले काका प्रूफ खालून वर वाचत. वरून वाचलं की मजकुराच्या ओघात डोळा घसरतो. खालून वाचलं की प्रत्येक ओळ एकटी सापडते. या पद्धतीने चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या लग्नाचा वार चुकू दिला नव्हता. त्यामुळे लग्नपत्रिकेत त्यांच्या नजरेला आधी पडायची ती तळची ओळ: आर.एस.व्ही.पी. चार अक्षरं बघायची, टिंबं मोजायची, वर सरकायचं. "हे कशाला?" असं गिऱ्हाइकाने विचारलंच तर काका म्हणत, "त्याशिवाय कार्ड नागडं दिसतं."

एका दुपारी भाचीची पत्रिका घेऊन एक बाई आल्या. जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलेल्या. प्रूफ बघताना त्यांचं सुरूच होतं. "बुफे आमचा, बुके आमचा, तुमचा मेनूसुद्धा आमचाच. आणि ही चार अक्षरं काढून टाका हो. छापता सगळे, पाळत कुणी नाही."

"पाळायचं काय त्यात? नक्षी आहे ती."

"नक्षी?" बाई हसल्या. "अहो, फ्रेंचमधली विनवणी आहे ती! कृपा करून उत्तर द्या. येताय की नाही, तेवढं कळवा."

काकांचं बोट त्या ओळीवरच राहिलं. "कुणाच्याही कार्डावर असली तरी?"

"म्हणजे काय, माणसागणिक अर्थ बदलतो का?" बाईंना वाटलं, माणसाला ऊन लागलं.

नमुन्यांच्या खणात नऊ वर्षं एक कार्ड पडून होतं. मुलीचं. तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, काकांनी "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हटलं, आणि महिन्याभराने छापखान्याच्या पत्त्यावर टपालाने पत्रिका आली. तीही कुठल्या छापखान्यातली? समोरच्या गल्लीतल्या! काकांनी ती खालून वर वाचली. तळाशी आर.एस.व्ही.पी., आणि पुढे ना मामा ना आत्या, फक्त तिचा फोन नंबर. सोनेरी शाई मात्र फुटलेली. 'काम कसं करू नये' हे गिऱ्हाइकांना दाखवायला त्यांनी ती खणात टाकली. लग्नाला गेले नाहीत. पोरीला साधा एक फोन करता येत नाही होय?

बाई जाताच काकांनी तो नंबर फिरवला. बंद होता. पुन्हा फिरवला, आकडे मोठ्याने म्हणत. सात वेळा झालं. मग दुकान ओढून घेऊन, कार्ड खिशात घालून घरी आले.

बायको कार्डाकडे बघतच राहिली. "हे कधी आलं?"

"तेव्हाच."

"तेव्हाच?" ती खाली बसली. "नऊ वर्षं त्या पोरीला बोल लावतेय मी. आईला एका ओळीची चिठ्ठी टाकली नाही म्हणून. आणि तुम्ही हे लोकांना नमुना म्हणून दाखवत होतात?"

काकांनी कार्ड तिच्या हातात ठेवलं. उत्तरं देण्यात ते कच्चेच.

दुसऱ्या दिवशी, ज्याची पायरी चढायची नाही अशी शपथ होती, त्या समोरच्या गल्लीतल्या छापखान्यात ते गेले. मालक उठून उभा राहिला. "काका, तुम्ही? आज सूर्य कुठून उगवला?"

"टोमणे नंतर मार रे. सह्या केलेली जुनी प्रूफं ठेवतोस ना? हिचा पत्ता हवाय."

मालकाने गठ्ठे उपसले. कार्ड बघून म्हणाला, "ही ताई आठवते मला. खालची ओळ ठळक करा, म्हणून तीनदा परत आली. म्हटलं, ताई, ती कुणी वाचत नाही. तर म्हणाली, माझे बाबा तीच आधी वाचतात."

काकांनी कार्ड परत घेतलं आणि तळच्या ओळीवर बोट ठेवलं.

पत्ता मिळाला. काकांनी एकच कार्ड छापलं: 'आम्ही दोघं येतो. कधी येऊ, सांग.' नऊ दिवसांनी ते परत आलं. वर शिक्का: या पत्त्यावर राहत नाहीत.

मग काकांनी जे केलं, ते दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला धंद्यातून उठवलं असतं. येईल त्या गिऱ्हाइकाच्या पत्रिकेवर, अगदी तळाला, ते छापू लागले: आर.एस.व्ही.पी., बाबा, आणि खाली घरचा नंबर. कुठल्या तरी लग्नाचं कार्ड फिरत फिरत तिच्या हातात पडेल. गिऱ्हाइकं प्रूफ वाचून सही करत. एकानेही विचारलं नाही, हे बाबा कोण.

बायकोने स्वयंपाकघरातला पाट उचलून फोनपाशी आणला. दीड महिन्यात दोन हजारांवर कार्डं गेली. फोन एकदाही वाजला नाही.

"चुकून तरी कुणीतरी करेल की हो," बायको म्हणाली. "इतक्या लोकांत एकजण तरी खालपर्यंत वाचेल."

काका नवीन प्रूफ घेऊन बसले होते. तळच्या ओळीवर बोट होतं, आणि ते वर सरकत नव्हतं. "नाही वाचणार गं," ते म्हणाले. "चाळीस वर्षं मीच सांगत आलोय सगळ्यांना, नक्षी आहे म्हणून."