जनरलसाहेबांचं पदक

जनरल हारबॉटल सैन्यात होते तेव्हा त्यांच्याकडे बुटांचं खातं होतं. तिथं शत्रू फारसा फिरकत नसे, त्यामुळे ते अखेरपर्यंत धडधाकट राहिले आणि चढत गेले. मग एक निपुत्रिक काका वारले आणि इंग्लंडातल्या विल्टशर परगण्यातली आमची सगळी टेकाडं, कुरणं आणि माणसं साहेबांच्या नावावर झाली. माणसांचं काय करायचं हे त्यांना कधी सुचलं नाही. टेकाडं त्यांनी खणायला घेतली; त्यांच्या पोटात प्राचीन लोकांची थडगी होती.

खणत मात्र शिस्तीत, हे मान्य करायला हवं. आधीचे हौशी लोक थडगं फोडून सोनं शोधत; साहेब फुटक्या मडक्याचाही तुकडा न् तुकडा नोंदवत. त्या मडक्याच्या मालकाबद्दल त्यांना विलक्षण जिव्हाळा. तो दोन हजार वर्षांपूर्वी मेलेला होता आणि छत गळतंय म्हणून तक्रार घेऊन येत नसे.

खड्डा बुजवण्याआधी साहेब तळाशी स्वतःच्या नावाचं आणि त्या सालाचं एक कांस्यपदक ठेवत. पुढच्या पिढ्यांनी तिथं पुन्हा खणून वेळ दवडू नये म्हणून. मजूर टोप्या काढत आणि गावचा पाद्री म्हणून मी प्रार्थना म्हणे. कुणासाठी, ते मी कधी विचारलं नाही. रविवारी मी साहेबांकडे जेवतो. "जिथं माझं पदक, तिथला विषय संपला," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांनी पुस्तकातही छापलं आहे.

टॅबिथा गलिफर्डचा नवरा त्यांच्याकडे खणायला होता. ओल्या खड्ड्यात उभं राहून राहून छाती भरली आणि गेला. दफनाच्या दिवशी साहेबांनी विधवेच्या हातात त्या वर्षीचं, म्हणजे १८८१चं, पदक ठेवलं. तिनं ते स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. इतकं उपयोगी पडलेलं सन्मानचिन्ह मी दुसरं पाहिलेलं नाही.

सात वर्षांनी साहेबांना साक्षात्कार झाला, की टॅबिथाचं घर ज्या उंचवट्यावर आहे तो उंचवटा म्हणजे कुणा राजाचं थडगं. घर मार्चअखेरीला पाडायचं ठरलं. आमच्याकडे कुळं तेव्हाच हलवतात. त्याआधी स्वयंपाकघरात चाचणीचा एक खड्डा. निरोप सांगायला अर्थातच मला धाडलं.

"मग मी कुठं जायचं, पाद्रीबाबा?"

"साहेब म्हणतात, सरकारी गरीबखान्यात जागा आहे."

"त्यांच्या राजालाच पाठवा की तिथं. त्याला खायलाही लागायचं नाही."

"टॅबिथाबाई, साहेबांनी एकदा ठरवलं की..."

"ठाऊक आहे. विषय संपला." तिनं माझ्या कपात चहा ओतला आणि बराच वेळ कपाटाकडे बघत राहिली. "मंगळवारी येतायत ना? घर झाडून ठेवते."

मंगळवारी साहेब आले. सोबत नकाशे काढणारा पिलबीम आणि दोन मजूर. कपाट एका अंगाला इतकं कललं होतं की मी खुर्ची जरा लांब ओढून बसलो. मजुरांनी फरशी उचलली.

"साहेब, माती भुसभुशीत आहे," पिलबीम म्हणाला. "कुणीतरी अलीकडेच..."

तेवढ्यात फावड्याखाली काहीतरी खणकलं. पदक. १८८१.

साहेबांनी ते बाहीला पुसून दोनदा वाचलं.

"पण साहेब," पिलबीमला राहवेना, "तेव्हा तर हे घर इथंच होतं. फरशीखाली आपण कसं..."

"माझ्या पदकावर तुझा विश्वास नाही?"

"पदकावर आहे, साहेब. मातीवर..."

"मातीचं तू मला शिकवतोस?" साहेब गाजरासारखे लाल झाले. एका विधवेनं आपल्याला बनवलं, हा पर्याय त्यांच्या शिस्तीत बसत नव्हता. राहता राहिलं ते एकच: आपण खणलं आणि विसरलो. पण साहेब विसरतही नसत.

"माझा नवरा म्हणायचा," टॅबिथा चुलीपाशी पाठमोरीच बोलली, "साहेब कुठं कुठं खणतात ते एका साहेबांनाच ठाऊक."

"बरोबर!" साहेब गरजले. "आडवा बोगदा! मागच्या उतारावरून! तुझा नवराच होता, बाई. भला माणूस. काय बरं नाव त्याचं?"

"जेथ्रो."

"जेथ्रोच!"

पिलबीमनं मुकाट्यानं कागदावर बोगदा काढला. रविवारच्या जेवणापर्यंत साहेबांच्या आठवणीतल्या त्या बोगद्यात एक निळा मणीही सापडून गेला होता. "तुम्ही होतात ना तेव्हा, पाद्री?" साहेबांनी विचारलं. मटण फार सुरेख झालंय, असं मी म्हणालो.

घर वाचलं. नियमाप्रमाणे जुनं पदक जागच्या जागी गेलं आणि फेरतपासणीची खूण म्हणून त्यावर १८८८चं नवं. मजुरांनी टोप्या काढल्या, मी प्रार्थना म्हटली, फरशी बसली. साहेब समाधानानं दुसऱ्या टेकाडाकडे वळले.

एप्रिलमध्ये मी टॅबिथाकडे चहाला गेलो. कपाट सरळ उभं होतं. टेबलावर कप ठेवला, तर टेबलही हललं नाही. मी वाकून पाहिलं.

"दोन्ही काढलीत?"

"खाली पडून कुणाच्या उपयोगाची होती?" ती म्हणाली. "आता तुमची खुर्ची तेवढी डुगडुगते. साहेबांना म्हणावं, परसातही एक उंचवटा आहे."