तळहाताएवढी जमीन

आमच्या गावात शिवारफेरीच्या दिवशी जिथून माणसं चालत जातात, तेवढीच जमीन वर्षभर राहते. बाकीची थोडीथोडी करून जाते. ती गेली की तिथे खड्डा पडत नाही. रांगोळीसारखं पांढरं काहीतरी उरतं, आणि त्यात खडा टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही.

फेरी उन्हाळ्याच्या तोंडावर निघते. सरपंच, ग्रामसेवक आणि गावातली माणसं बांधाबांधाने हिंडतात. बंधारा कुठे हवा, रस्ता कुठे, घरकुल कुणाला, ते बघतात. मग शाळेच्या पटांगणात सभा बसते आणि वर्षाचा आराखडा मंजूर होतो.

माझे पाय लहानपणीच्या तापात गेले. तरी आमच्या दारापर्यंतची वाट कधी गेली नाही, कारण आई मला पाठुंगळी घेऊन फेरीला जायची. तिच्या मानेला धुराचा वास यायचा. मी चांगली थोराड झाले तरी तिने सोडलं नाही. बायका म्हणायच्या, "भागू, लेक लग्नाला आली की गं! अजून पाठीवरच?"

"तू घे की थोडा वेळ," आई म्हणायची. "तेवढीच तुझी चरबी उतरंल."

आई गेल्यावर भाऊ मला हातगाड्यावरून न्यायचा. चाकांनी जमीन राहत नाही, पण गाडा ओढणाऱ्या भावाचे पाय होते. मग तोही गेला. त्यानंतरच्या फेरीला शेवग्याचं झाड गेलं. पुढे धुण्याचा दगड गेला, मग अंगण, मग न्हाणी. गेल्या वर्षी चूल गेली. आता माझं अंथरूण आणि उंबरा एवढंच आहे.

पांढऱ्याच्या पलीकडच्या काठावर हौसा राहते. ती रोज भाकरी फडक्यात बांधून फेकते. "आक्का, झेला!" एखादवेळी नेम चुकतो. त्या दिवशी मी उपाशीच झोपते.

"हौसे," मी परवा तिला म्हटलं, "यंदा फेरी माझ्या दारावरनं आण गं."

"म्हटलं की मी ग्रामसेवकाला. तो म्हणतो, तिकडं वस्तीच नाही."

"मी हाय न्हवं?"

"तेबी सांगितलं. तर म्हणतो, मग आक्का फेरीला का येत नाहीत? सभेला यावं, रस्ता मागावा."

"यायला रस्ता कुठाय?"

"तेच मागा म्हणतो," हौसा म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

आज सकाळी फेरी निघाली. चपलांचा आवाज ओढ्याकडे गेला, तिथून माळाकडे, आणि ऐकू येईनासा झाला. पुढच्या वर्षापर्यंत अंथरूण राहणार नाही हे मला कळत होतं. मी उंबऱ्यापर्यंत सरकले आणि त्या पांढऱ्यावर हात टेकला.

तळव्याखाली जमीन आली. तळव्याएवढीच. गार, सारवलेली. हा अंगणाचा कोपरा, इथे आई उन्हात कुरडया घालायची. दुसरा हात टेकला, तर बोटांना दगडाचा ओलसरपणा लागला. पहिला उचलला, तेव्हा त्याच्याखालची जमीन गेली. पायांनी केलेली जमीन वर्षभर टिकते. हातांची हात असेपर्यंतच.

मी हातांवर चालत निघाले. पाय मागून लोंबत येत होते. एकदा तळव्याखाली शेवग्याची फुलं आली, ताजी. तिथे थोडं थांबावंसं वाटलं, पण मनगटं दुखत होती. मागे पाहिलं तर उंबराही नव्हता.

पटांगण आलं तेव्हा सभा संपत आली होती. काठ अगदी हाताशी होता, पण काठापर्यंत माणसं दाटीने बसली होती. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, सगळ्यात मागे हौसाची. हात टेकायला कुठेच जागा नव्हती.

"हौसे," मी हाक मारली. "जरा सरक गं."

"गलका नको!" सरपंच पुढून ओरडले. "तोंडानं बोललेलं धरत नाही. ज्याला काही मांडायचंय त्यानं हात वर करावा. कुणी नाही? मग आराखडा मंजूर धरायचा का?"

मी उजवा हात उचलला. त्याखालची जमीन गेली. डाव्यावर सगळा भार होता, त्यामुळे उजवा फारसा वर जाईना.

"मागं कुणाची तरी बोटं दिसतायत," ग्रामसेवक म्हणाला.

"कोण हाय?" सरपंचांनी विचारलं. "नीट वर करा की. असं अर्धं धरत नाही."

मी डाव्या हाताखाली पाहिलं. तिथल्या मातीत आईची टाच उमटली होती, खोल, पाठीवर ओझं असताना उमटते तशी.

"शेवटचं विचारतो," सरपंच म्हणाले.

मी डावा हातही वर केला.