नाव झाकलेली स्लाइड

मित्रांनो, मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक. रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर पसरतात, रंगात बुडवतात आणि माझ्याखाली ठेवतात. मी तो हजारपट मोठा करून दाखवतो. माझं काम एवढंच.

कारखान्यात माझी भिंगं कित्येक दिवस घासली, तेव्हा कुठे माझी नजर तयार झाली. खोक्यातून निघालो तो थेट खिडकीजवळच्या टेबलावर आलो. तिथे एकवीस वर्षं जिने माझ्यावर डोळा लावला, तिला सगळे ताई म्हणत. "ताईंनी पाहिलं ना? मग झालं," असं मोठे डॉक्टरही म्हणत. ते ऐकून माझीच छाती फुगायची.

मग एका मंगळवारी तिच्या धाकट्या भावाची स्लाइड आली.

भाऊ घरं रंगवायचा. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तीन आठवडे त्याचा ताप हटत नव्हता. दंडावर काळेनिळे डाग उठले होते. "शिडीला आपटलो असेन," तो म्हणाला आणि ताईला ते पटलं. दात घासताना रक्त यायचं. "ब्रश कडक आहे," असं म्हणून तिने नवा आणून दिला.

पेशी स्पष्ट दिसाव्यात म्हणून तिने स्लाइडवर तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. मी होतं ते दाखवलं. मोठाल्या, कच्च्या पेशी. एक नाही, दोन नाही. स्लाइड जिकडे सरकवावी तिकडे त्याच. दुसऱ्यांच्या रक्तात अशा पेशी तिने कितीदा तरी क्षणात ओळखल्या होत्या.

"तापानं फुगल्यात," ती पुटपुटली. "उतरेल ताप."

आणि कागदावर लिहिलं, 'विशेष काही नाही.'

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

काचसामान धुणाऱ्या मावशी शेजारीच उभ्या होत्या. "काय गं, बरा आहे ना तो?"

"बरा आहे, मावशी."

"मग त्याचा कागद पालथा का घातलास?"

ताईने कागदाकडे पाहिलं. बाहेर बाकावर भाऊ भिंतीला डोकं टेकून बसला होता. तिने स्लाइड पुन्हा हातात घेतली. मग स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "हीच स्लाइड परक्याची असती, तर मी काय लिहिलं असतं?"

ती ताडकन उठली. "मावशी, आजच्या दहा स्लाइडमध्ये ही मिसळा. नावांवर चिकटपट्टी लावा, वर आकडे घाला. कुठली कुणाची ते मला सांगू नका."

"अगं, पण कशाला?"

"त्याचं नाव दिसलं की मला दुसरं काही दिसत नाही."

ती पाठ फिरवून बसली. मावशींनी सांगितलं तसं केलं. मग ताई एकेक स्लाइड पाहत, आकड्यापुढे लिहीत गेली. सातव्या स्लाइडपुढे तिने सरळ लिहिलं, 'रक्ताचा कर्करोग असावा. तातडीने दाखवा.' उरलेल्या चारही नीट तपासल्या आणि मगच मान वर केली.

"सात नंबर कुणाची?"

मावशींनी तोंडावर हात ठेवला.

ताईने पहिला कागद फाडला आणि डॉक्टरांकडे धावली. भावाला त्याच दुपारी भरती केलं. नऊ महिन्यांनी तो घरी आला, तेव्हा अंगावर नुसती हाडं होती. "दुखणं गेलं समजायचं का?" असं ताईने विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "पाहत राहायचं."

आता रक्तपेशी मोजायचं यंत्र आलं आहे. मी कोपऱ्यात, प्लास्टिकच्या टोपीखाली असतो. यंत्राला शंका आली तरच मला बाहेर काढतात. दमट हवेने माझ्या भिंगाला बुरशी धरली, ती कुणाच्या लक्षात आली नाही.

काल यंत्राने एका रक्तावर शंकेची खूण केली. ताईने आज सकाळी मला टेबलावर आणलं आणि डोळा लावला. मधोमध एक धूसर ठिपका आहे. मित्रांनो, मला भीती वाटते ती त्या ठिपक्याची. जिथे नीट दिसत नाही, तिथे माणूस आपल्याला हवं तेच पाहतो. म्हणून हात जोडून सांगतो, मला पुसा, कोरड्या जागी ठेवा.

ताईने डोळा काढला. मऊ कापड घेतलं, माझं भिंग फिरवून काढलं आणि ती सावकाश पुसू लागली.