शिपाई धोंडी घाडगे

शहाजी कतारमध्ये ‘बरवा अल बराहा’ या कामगार वस्तीत राहायचा आणि आठवडाभर उंच इमारतींत वायरिंग करायचा. शुक्रवारी खोलीतले बाकीचे दुपारपर्यंत लोळत पडत. हा मात्र सकाळची बस धरून उत्तरेला अल रुवैसला जायचा. खटावच्या माळावर वाढलेल्या माणसाला समुद्र नुसता बघत बसलं तरी पुरतं. बंदरावर मासळीची गाडी चालवणाऱ्या कमालशी त्याची चांगली ओळख झाली होती.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी बसमधून त्याच्या मागोमाग एक बाई उतरल्या. साठी उलटलेली, पाठीवर सॅक, पायांत बूट. टॅक्सीवाल्याशी हिंदीत बोलता बोलता त्यांच्या तोंडून “अहो, पण” निघालं आणि शहाजी थांबला.

“कुठं जायचंय, काकू?”

“अल झुबाराला. तुम्ही कुठले?”

“खटावचा. थांबा, गाडी बघतो.”

कमाल त्याच बाजूला निघाला होता. “यल्ला, बैठो,” म्हणत त्याने बाईंना पुढची सीट पुसून दिली. शहाजी मागे चढला.

बाईंचं नाव नीलांबरी. सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. तेव्हापासून एकट्याच फिरत होत्या. मलाक्का, सिंगापूर, रंगून, समुद्राकाठची गावं आणि जिथे लढाया झाल्या त्या जागा. इथे अल अझीझियाला भाचा होता, सुशांत. तो मॉल दाखवू म्हणत होता, या बस शोधत निघाल्या.

“एकट्यानं भीती नाही वाटत?”

“वाटते ना. म्हणून तर लोकांना विचारत विचारत जाते.”

कमालने दोघांना अल झुबाराच्या किल्ल्यापाशी सोडलं आणि तासाभराने येतो म्हणाला. किल्ला धडधाकट उभा होता, पण नीलांबरीबाई त्याला वळसा घालून समुद्राकडे चालू लागल्या. दोनशे वर्षांपूर्वी लढाईत जळालेलं शहर तिथे होतं. आता गुडघाभर भिंती, वाळू आणि वारा. एका खोलीच्या जमिनीत ओळीने पन्हळी होत्या. खजुराची पोती इथे रचायची आणि त्यांचा पाक या पन्हळींतून गोळा करायचा, असं बाईंनी सांगितलं.

“कामं टाकून पळाली असतील माणसं,” शहाजी म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “माझ्या आज्जीचे वडीलही लढाईत गेलेले. बर्मात.”

हे त्याने कतारमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. आजी, तानूबाई, पोटात असताना तिचे वडील पलटणीबरोबर गेले. मग ‘बेपत्ता’ एवढीच चिठ्ठी आली. गावात कुणीतरी उठवून दिलं की धोंडी पळाला, तिकडेच दुसरं घर करून बसला. आजीची आई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, आणि भांडण निघालं की बायका आजीला तेच ऐकवायच्या.

नीलांबरीबाई भिंतीवर बसल्या. “पलटण कुठली?”

“मराठा.”

“पूर्ण नाव?”

“धोंडी घाडगे.”

त्यांनी मोबाइल काढला. रंगूनजवळ युद्धस्मारक आहे, ज्यांचा देह सापडला नाही अशा हजारो शिपायांची नावं तिथल्या खांबांवर कोरली आहेत. मराठा पलटणीचे सगळे खांब त्यांनी आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना दाखवायला मोबाइलवर टिपून आणले होते. एकेक फोटो मोठा करत त्या बोट फिरवत राहिल्या. बराच वेळ गेला. मग बोट थांबलं.

“नाव आहे. पण एकाच नावाचे दोघं असू शकतात. थांबा, नोंद बघू.” स्मारकाच्या वेबसाइटवर त्यांनी नाव घातलं आणि उघडलेली ओळ सावकाश वाचली. “सारजाबाईंचे पती. खटाव, जिल्हा सातारा.”

शहाजीने ती ओळ पुन्हा वाचली. सारजाबाई म्हणजे आजीची आई.

त्याने फोटो बहिणीला, राणीला पाठवला आणि फोन लावला. राणीने स्पीकर चालू करून आजीला सगळं समजावून सांगितलं. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

“म्हंजी पळाला न्हवता,” तानूबाई म्हणाली.

“न्हाई, आज्जी. लढाईतच गेले.”

“त्या बाईला फोन दे.” नीलांबरीबाईंनी फोन हातात घेतला. “बाई, तितं झाडंबिडं हायती का?”

“आहेत, आजी. मोठी झाडं आहेत. गवत कापलेलं असतं. मी गेले तेव्हा एक माणूस झाडत होता.”

“रोज झाडतो?”

“रोज, म्हणाला.”

“त्याचं भलं हुंदे. आन तुमचंबी.” मग शहाजीला उद्देशून आवाज चढला. “त्यांना उपाशी धाडू नगंस.”

कमाल परतला तेव्हा शहाजीचे डोळे लाल होते. “क्या हुआ, भाई?” त्याने विचारलं. शहाजीने सगळं सांगितलं. रुवैसला आल्यावर कमालने सर्वांत मोठा हमूर मासा निवडला, ओळखीच्या भटारखान्यातून भाजून आणला आणि पैसे घेतले नाहीत. तिघं धक्क्यावर बसून जेवले. काटे काढता काढता शहाजी नीलांबरीबाईंना आजीच्या गोष्टी सांगत राहिला; त्या हसत हसत वहीत टिपून घेत होत्या.

“तुम्ही नसतात भेटला, काकू, तर…”

“तुम्ही गाडी बघितली नसती तर मी कुठे पोचले असते?”

परतीच्या बसमध्ये शेजारणीच्या फोनवरून राणीचा मेसेज आला. आजी माझा फोन घेऊन गावात घरोघरी फोटो दाखवत सुटली आहे, आणि बॅटरी संपू नये म्हणून चार्जरही बरोबर नेलाय.