ताईचा प्याला

आमच्या चर्चची इमारत एक आणि मंडळ्या दोन. सकाळी आठला ग्लासवाले, अकराला प्यालावाले. प्रभुभोजनाचा द्राक्षारस सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा की ज्याने त्याने आपापल्या चिमुकल्या ग्लासातून, यावरून पंचेचाळीस वर्षांपूर्वी जे फाटलं ते फाटलंच. जागा मात्र कुणीच सोडली नाही. श्रद्धा दोघांचीही देवावर होती, पण इमारतीवर जरा जास्त.

या इमारतीची देखभाल मी करतो. सगळे मला किल्लीवाले म्हणतात. जन्माने मी प्यालावाला आणि लग्नाने ग्लासवाला. त्यामुळे दोन्हीकडचे मला आपला म्हणतात आणि दोन्हीकडचे माझ्यासमोर जपून बोलतात. बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरी बोलायला रेडिओ आहे, पण तो माझं ऐकून घेत नाही.

रविवारी साडेनऊला ग्लासवाले घरी गेले की मी वीसेक ग्लास धुवायचो, बाकं सरळ करायचो, भिंतीशी लावलेलं मेज ओढून मधोमध आणायचो. दहाला ताई यायची. माझी सख्खी थोरली बहीण. प्यालावाल्यांचा चांदीचा प्याला पुसायचं काम तिच्याकडे होतं. फडक्यात धरून ती तो गोल गोल फिरवायची, कडेवर फुंकर घालायची आणि पुन्हा पुसायची. मग मेजावरची जुनी चादर काढून आम्ही दोघं तिची घडी घालायचो. दोन टोकं दोघांनी धरायची, चालत जवळ यायचं, माझ्याकडचे कोपरे तिच्या हातात द्यायचे. आठवडाभरात माझा हात कुणाच्या हाताला लागायचा तो तेवढाच.

आमचं बोलणं म्हणजे "मेणबत्त्या संपत आल्यात" आणि "गुडघा काय म्हणतो?" "म्हणतो आपला काहीतरी." मी ग्लासवालीशी लग्न केलं तेव्हा बाबांनी ताईला माझ्या घरी पाऊल टाकायची बंदी केली. बाबा गेले, बंदी राहिली. त्यानंतर मीही कधी तिच्याकडे गेलो नाही. तेवढा एक तास आम्हाला पुरायचा, निदान मी तशी समजूत करून घेतली होती.

या वर्षी दोन्ही मंडळ्या एक झाल्या. आठला वीस डोकी आणि अकराला बारा, असं किती दिवस चालणार? सहा बैठका झाल्या. ठरलं ते असं: उपासना एकच, दहा वाजता. मेजाच्या उजवीकडे प्याला, डावीकडे ग्लास, ज्याला जे हवं त्याने त्या रांगेत उभं राहायचं. बाणांच्या पाट्या मलाच लावायला सांगितल्या. दोन रांगा करून साधलेली एकी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. तरी त्या दिवशी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही.

फक्त ताई आली नाही. पुढच्या रविवारीही नाही. असे चार रविवार गेले. प्याला मीच पुसला. चादरीची घडी एकट्याने धड पडेना, शेवटी गुंडाळून कपाटात कोंबली. पाळक तिच्याकडे दोनदा जाऊन आले. तिने त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "ग्लासवाल्यांबरोबर एका मेजाशी बसणार नाही असा बाबांना शब्द दिलाय." बाकीचे अकरा प्यालावाले केव्हाच आले होते. म्हणजे त्या मंडळीत आता ताई एकटीच उरली.

तिला त्या शब्दातून मोकळं करणारी गोष्ट फक्त मला ठाऊक होती. बाबांच्या शेवटच्या दुपारी ताई औषध आणायला बाहेर पडली आणि त्यांच्याजवळ मला बसवून गेली. त्यांचे पाळक बाहेरगावी होते. मरणाला त्याचं काही सोयरसुतक नसतं. बाबा म्हणाले, "तुझ्या पाळकांना बोलाव." मी धावत जाऊन घेऊन आलो. ज्या माणसाने ग्लासांपायी मंडळी फोडली, त्याने माझ्या हातून त्याच ग्लासातून प्रभुभोजन घेतलं. ओठ पुसले आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस." तिच्याकडून शब्द घेऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता.

वर्षभराने ताईला स्थळ आलं. शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, अबोल, तिला मनापासून आवडलेले. पण ग्लासवाले. तिने नाही म्हटलं. मी मूग गिळून बसलो. बापाला दिलेला शब्द मोडायचा नाही, असं स्वतःला सांगितलं. खरं तर ताईच्या रागाला भ्यालो.

पाचव्या रविवारी उपासना आटोपली आणि मी तडक तिच्या घरी गेलो. आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच गेलो होतो.

"काय रे, काही काम होतं?" दार उघडून ती म्हणाली.

"काम नाही. असाच आलो."

दुसऱ्या खुर्चीवर वर्तमानपत्रांचा ढीग होता. तो उचलून तिने मला जागा केली. "कुणी बसत नाही ना, म्हणून ठेवते तिथे," म्हणाली. मेजावर गीतांचं पुस्तक उघडं होतं. "अकराला माझी उपासना असते. तीन गाणी म्हणते. प्रवचन नाही ठेवलं, माझं मलाच ऐकवत नाही."

"आणि प्रभुभोजन?"

"ते एकटीला कसं करता येईल?" तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे केवढेसे झाले होते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"ताई, बाबांचं एक सांगायचं राहिलंय तुला."

ती ऐकत नव्हती. "मास्तर गेले," म्हणाली. "मागच्या महिन्यात. त्यांच्या मुलीचं पत्र आलं. तिला माझं नाव कुठून कळलं कुणास ठाऊक." तिने गीतांचं पुस्तक मिटलं. "त्यांना नाही म्हटलं तेव्हा आठ दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. पण म्हटलं, बाबांनी मरेपर्यंत पाळलं, मग मला का जमू नये? त्यावरच काढली बघ इतकी वर्षं." मग ती माझ्याकडे वळली. "शेवटपर्यंत पाळलं ना रे त्यांनी? मी नव्हते. तू होतास."

सांगितलं असतं तर ताई पुढच्या रविवारी माझ्याशेजारी असती. आणि मास्तरांना उगाच परत पाठवलं, हे घेऊन उरलेलं आयुष्य काढत बसली असती.

"हो," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"मग झालं तर," ती म्हणाली. "पाळकांना सांग, पुन्हा नका येऊ म्हणावं. मी नाही यायची."