सदरा काढा, पाळकसाहेब

आमचे हे चर्चमध्ये पाळक. देव माणूस झाला, या एका विषयावर तासभर बोलतील आणि मंडळी माना डोलावतील. त्या दुपारी मात्र त्यांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या. बघून मलाच गरगरायला लागलं.

आमची लेक दिवस भरायच्या आत जन्मली होती. काचेच्या पेटीत ठेवूनही तिचं अंग पुन्हा पुन्हा गार पडत होतं. मला ताप चढलेला, म्हणून तिच्या खोलीत जायला बंदी. व्हीलचेअर बाहेर लावून मी दाराच्या काचेतून बघत होते.

सिस्टर बाहेर आल्या. "बाळाला कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचंय. कातडीला कातडी लागली की ऊब धरतं. आईला ताप आहे, म्हणजे तुम्हीच. सदरा काढा, पाळकसाहेब."

"मी?" हे दोन पावलं मागे सरले. "माझे हात गार असतात हो. मी इथे बसून प्रार्थना करतो ना."

माझं डोकं फिरलं. "अहो, प्रार्थना मी करते! मला तेवढीच मुभा आहे. तिला छाती हवीय, ती द्या."

गेले बापडे. खुर्चीत उघडेबंब बसले. सिस्टरांनी लेकीला त्यांच्या छातीवर ठेवलं. "मानेला हात द्या, तिला मान सावरत नाही." घाबरून ह्यांनी रविवारच्या आवाजात प्रार्थना सुरू केली. लेक दचकली.

"हळू! इथे मंडळी नाही बसलेली," सिस्टर ओरडल्या.

हे गप्प झाले. तेवढ्यात लेकीनं त्यांच्या अंगावर शू केली.

"हलू नका!" मी अर्धवट उघड्या दारातून ओरडले.

हलले नाहीत. पोटावरून ओघळ जात होता आणि हे हसत होते. मग हसता हसता डोळे भरून आले.

"अगं, देवालाही मान सावरत नसेल. एवढासा असताना. त्यालाही कुणीतरी पुसलं असेल."

"कुणीतरी काय? आईनं पुसलं!" मी म्हणाले, आणि मला रडू आवरेना. खरं सांगते, त्या क्षणी मला येशूच्या आईचा, मरियेचा हेवा वाटला. गोठ्यात का होईना, लेकरू तिच्या हातात तरी होतं.

सिस्टरांनी लेकीचं तापमान मोजलं. "चढतेय ऊब. पण अजून भरवसा नाही, असंच धरून बसा."

ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. नंतर हळूच म्हणाले, "सिस्टर, खुर्ची जरा दाराकडे वळवता?"

खुर्ची वळली. लेकीची मान तळव्यात घेऊन त्यांनी तिचं तोंड काचेकडे केलं आणि तिच्या कानाशी पुटपुटले, "ती बघ. ती तुझी आई."